वीस गुणांचा शेरा कुणाच्या माथी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, एक बातमी आली आणि चार दिवसांत विरून गेली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय शिक्षणासाठी जो राज्य अभ्यासक्रम आराखडा तयार केला, त्यात दहावीच्या विद्यार्थ्याला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यावे, अशी तरतूद सुचवली आहे, अशी ती बातमी. मात्र अट अशी की, अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर शेरा येईल. याला पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही, असा. ज्याला हा शेरा नको असेल त्याने पुरवणी परीक्षा द्यावी किंवा पुढच्या वर्षी पुन्हा बसावे. नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हा ही पद्धत येईल, असे परिषदेकडून सांगण्यात आले.

यावर जी काही चर्चा झाली ती बहुतेक दोनच अंगांनी झाली. एका बाजूचे म्हणणे, गुणवत्तेचा बट्ट्याबोळ झाला, आता वीस मार्कांवर पास करणार, उद्या शून्यावर करा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ज्या मुलाला गणित जमत नाही त्याला त्यासाठी आयुष्यभर नापास का ठेवायचे? दोन्ही बाजूंना आपापल्या जागी थोडे थोडे खरे वाटावे असे आहे. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, गणितात २२ गुण पडले तर ते २२ गुण त्या मुलाचेच आहेत.

मी वकिली करतो. कोणतेही प्रकरण समोर आले की पहिला प्रश्न पडतो, यात प्रतिवादी कोण? ज्याच्यावर कर्तव्य होते आणि ज्याने ते पार पाडले नाही, तो. दहावीच्या परीक्षेत मात्र कर्तव्य एकाचे आणि शिक्षा दुसऱ्याला असा उलटा न्याय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वीस गुणांचा शेरा हा त्याच न्यायाचा नवा कागद आहे.

आमचे सांगवी गाव बारामती तालुक्यात, नीरा नदीच्या अंगाला, फलटणच्या वाटेवर. चहूकडे ऊस. माळेगावचा कारखाना जवळ. बारामतीत कॉलेजे आहेत, वसतिगृहे आहेत, इंजिनिअरिंगपासून शेतीपर्यंत सारे काही शिकायला मिळते, आणि बाहेरगावची मुले तेथे येऊन शिकतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत पोहोचायला दहावीचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि आमच्या वस्तीतली, पारधी-वडार समाजातली, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची मुले नेमकी तिथेच अडतात. अडतात कशात? मराठीत नाही, इतिहासात नाही. इंग्रजीत थोडी. खरी अडतात ती गणितात आणि विज्ञानात. कारण हे दोन विषय असे आहेत की पाचवीत चुकलेला धागा दहावीत आपोआप सापडत नाही. इतिहासाचा एखादा धडा चुकला तर पुढचा धडा वाचता येतो. अपूर्णांक चुकला तर बीजगणित संपले.

आणि पाचवीत, सहावीत धागा का चुकतो? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे की सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणिताला किमान एक शिक्षक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषांना एक असला पाहिजे. कलम २४ मध्ये शिक्षकाचे कर्तव्य सांगितले आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवावे. म्हणजे "आठवीपर्यंत नापास करायचे नाही म्हणून मुले बिघडली" हे जे चावडीवर सर्रास बोलले जाते, ते अर्धा कायदा वाचून बोलले जाते. कायद्याने नापास करू नका एवढेच सांगितले नव्हते, नापास होण्याची वेळ येऊ देऊ नका हेही सांगितले होते. पहिला भाग शाळांनी आनंदाने पाळला, कारण त्यात काही करायचे नव्हते. दुसरा भाग कागदावर राहिला. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. जो भाग पाळला गेला होता तो बदलला आणि जो पाळला गेला नव्हता तो तसाच राहिला.

यात आणखी एक मेख आहे. घटनेच्या कलम २१-अ चा हक्क ६ ते १४ वयापुरता आहे, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. परीक्षा आहे दहावीची. ज्या दोन वर्षांत त्या परीक्षेची तयारी व्हायची, ती नववी-दहावी या मूलभूत हक्काच्या बाहेर आहे. सहावीच्या वर्गाला गणिताचा शिक्षक द्या असे कायद्याच्या आधारे ठणकावून सांगता येते. दहावीच्या वर्गासाठी मात्र शासन निर्णय, संचमान्यता, पदभरती यांच्या चक्रात फिरावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते १८ वयापर्यंतच्या शिक्षणाच्या मोठ्या गोष्टी आहेत. हक्काचा कायदा मात्र चौदाव्या वर्षी मुलाचा हात सोडतो आणि सोळाव्या वर्षी त्याच्या कपाळावर शिक्का मारायला बोर्ड हजर असते.

आता हा शिक्का प्रत्यक्षात काय करील ते पाहू. "गणित-विज्ञान नको असेल तर कला शाखेला जा" असे सांगणाऱ्यांना वाटते की शेरा म्हणजे फक्त अकरावी सायन्सचा दरवाजा बंद. तसे नाही. आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियन, फिटर या ट्रेडना दहावी गणित-विज्ञानासह उत्तीर्ण लागते.  इतकेच कशाला, खेड्यातल्या टपाल कार्यालयात ग्रामीण डाक सेवक म्हणून लागायचे तर दहावीला गणित आणि इंग्रजी या विषयांत उत्तीर्ण असल्याची अट आहे, आणि निवड दहावीच्या गुणांवरच होते. ती जाहिरात कुणीही उघडून वाचावी. म्हणजे ज्या नोकऱ्यांकडे आमच्या वस्तीतला गरीब बाप डोळे लावून बसलेला असतो, वायरमन, फिटर, पोस्टातली नोकरी, त्याच नोकऱ्यांच्या दारात हा शेरा आडवा येणार. डॉक्टर-इंजिनिअरचे सोडाच. मुलगा "पास" होईल, आई पेढे वाटेल, आणि दोन वर्षांनी कुठल्या तरी खिडकीवर कुणी कारकून गुणपत्रिकेच्या तळाशी बोट ठेवून सांगेल, बाळ, हे काय लिहिलंय ते वाच.

हे लिहिताना मला एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, कारण ती माझ्यासमोर घडली. ही बातमी आल्यानंतर काही दिवसांनी शेतात खुरपणीला जाणारी आमच्या भागातली एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीला मार्चच्या परीक्षेत गणितात २७ गुण होते, बाकी सगळे विषय सुटले होते. बाईने विचारले, "दादा, ईस मार्काव पास करणार म्हनत्यात, खरं हाय का? खरं असंल तर हिच्या लग्नाचं थांबवते." मुलगी सोळा वर्षांची. अठराच्या आत लग्न करणे हा गुन्हा आहे, हे मी त्या माउलीला सांगितले, आणि तिलाही ते माहीत होते. पण तिच्या घरात एक हिशेब ठरलेला होता. पास झाली तर कॉलेज, नापास झाली तर लग्न. त्या हिशेबात ८ गुणांची किंमत एका मुलीचे सगळे आयुष्य होती. (पुढे गावातल्या विहारात संध्याकाळी दोन कॉलेजची पोरे तिला शिकवू लागली आणि लग्नाची बोलणी थांबली, एवढे सांगतो.)

म्हणून माझे म्हणणे नीट समजून घ्यावे. मी वीस गुणांच्या विरोधात नाही. "नापास" या एका शब्दाने आमच्या घरांमध्ये काय काय होते हे मला माहीत आहे, आणि तो शब्द काढून टाकणारी कोणतीही सुधारणा मला प्रिय आहे. माझा विरोध आहे तो शेऱ्याला. सूट द्यायची आणि सूट दिल्याची खूण कायमची अंगावर गोंदवायची, हा उपकार नव्हे.

जे गुणवत्तेच्या नावाने गळा काढतात त्यांनाही दोन आकडे दाखवायचे आहेत. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले, निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले, २०२० ला निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हेही खरे.) २०२१ ला परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. आता मला सांगा, २०१८ ची मुले हुशार, २०१९ ची ढ आणि २०२० ची पुन्हा विद्वान, असे काही झाले होते काय? शाळा त्याच, मास्तर तेच, पुस्तके जवळपास तीच. बदलले ते सूत्र. ज्याला आपण "दर्जा" म्हणतो तो मुलांच्या डोक्यात नसून मंत्रालयाच्या एका कागदावर असतो आणि तो कागद बदलला की दर्जा बारा-बारा, अठरा-अठरा टक्क्यांनी वर-खाली होतो.

वरच्या टोकालाही तेच. २०२५ मध्ये २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. अभिनंदनच आहे. सहापैकी उत्तम पाच विषय धरायचे, वर खेळाचे, चित्रकलेच्या परीक्षांचे, लोककलेचे वाढीव गुण. उत्तम पाचचे हे सूत्र २०१० मध्ये आणले ते महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांना इतर बोर्डांच्या मुलांपुढे अकरावी प्रवेशात मागे पडू नये म्हणून. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने टिकवले. त्याआधी २००८ चे पर्सेंटाइलचे सूत्र आणि २००९ चे ९०:१० चे आरक्षण उच्च न्यायालयात पडले होते. ९१ टक्क्यांच्या मुलाला ९३ टक्के कसे होतील यासाठी शासनाने तीन वर्षे ओळीने न्यायालयात वकील उभे केले. २७ गुणांच्या मुलीसाठी कुणी कधी उभे राहिले काय? चित्रकलेच्या वाढीव गुणांनी गुणवत्ता घसरत नाही, कारण ते गुण ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे त्या शाळेतल्या मुलाला मिळतात. घसरते ती फक्त खालच्या मुलाला हात दिला की!

२०२५ च्या परीक्षेला १५ लाख ४६ हजार ५७९ नियमित विद्यार्थी बसले, १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले, ९४.१० टक्के. राहिले ९१ हजारांवर. निकालाच्या दिवशी बोर्ड विभागवार आकडे देते, कोकण पहिले, मुलींची बाजी, असे मथळे होतात. पण या ९१ हजारांपैकी कितींच्या शाळेत दहावीला वर्षभर गणिताचा शिक्षक होता, कितींनी विज्ञानाचे प्रयोग स्वतःच्या हाताने केले, हा आकडा त्या पत्रकात नसतो. तो नसतो म्हणूनच सगळा दोष मुलाच्या नावावर जमा होतो.

शेऱ्यांचा इतिहास आमच्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते मॅट्रिक झाले. एकूण ७५० पैकी २८२ गुण. टक्केवारी काढली तर ३७.६. हा आकडा आमच्या जयंतीच्या भाषणांत कधी येतो, कधी लाजून गाळला जातो. गाळू नये. कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या ३७.६ टक्क्यांच्या दाखल्यावर "हा विद्यार्थी पुढे अर्थशास्त्र घेण्यास पात्र नाही" असा शेरा कुणी मारला नव्हता. डबक चाळीच्या एका खोलीत माणसे, भांडी आणि सरपण यांच्यामध्ये दिवा लावून केलेल्या अभ्यासाला जे गुण मिळाले ते मिळाले, पण दाखला सगळ्यांचा होता तोच मिळाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि तो विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. पुढचे सर्वांना माहीत आहे. जातीने एक विषय बंद केला होता, परीक्षेने मात्र केला नव्हता. आता जे आराखड्यात येऊ घातले आहे ते परीक्षेलाच विषय बंद करण्याचा अधिकार देते.

कुणी म्हणेल, आता जात कुठे आणता? शेरा तर सगळ्यांनाच. त्यांना जानेवारी २०२५ ची आठवण करून देतो. बारावीच्या प्रवेशपत्रांवर बोर्डाने विद्यार्थ्याच्या जातीचा प्रवर्ग छापला होता. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर दुरुस्त करून घेता यावी म्हणून, असा खुलासा झाला. सर्व बाजूंनी टीका झाल्यावर बोर्डाने दिलगिरी व्यक्त केली आणि तो रकाना काढून नवी प्रवेशपत्रे दिली. हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण परीक्षेच्या कागदावर काय छापले की काय होते, याचा विचार कार्यालयात बसलेल्यांच्या मनात आधी येत नाही, तो बाहेरून आणून द्यावा लागतो, एवढे त्यातून दिसले. वीस गुणांच्या शेऱ्याचेही तसेच आहे. तो सगळ्यांना लागू असेल, पण सापडतील कोण? ज्याला नववीपासून बारामतीच्या क्लासला महिना हजार-दोन हजार भरता येतात तो वीस ते पस्तीसच्या मध्ये राहत नाही.

विषय अवघड असेल तर सोपा पर्याय द्यायचा आणि त्या पर्यायावर पुढचा रस्ता बंद करायचा, ही युक्तीही जुनी आहे. आपल्याकडे मध्यंतरी काही वर्षे "सामान्य गणित" होते, नंतर ते बंद झाले. इंग्लंडमध्ये १९६५ पासून दोन वेगळ्या परीक्षा होत्या. हुशार समजल्या गेलेल्यांना ओ लेव्हल आणि उरलेल्यांना सीएसई. कामगारांची पोरे दुसरीकडे ढकलली जात आणि तो दाखला कारखान्याच्या फाटकापलीकडे फारसा चालत नसे. शेवटी दोन्ही मोडून एकच जीसीएसई केली, तिची पहिली परीक्षा १९८८ ला झाली. न्यूझीलंडमध्ये जुनी स्कूल सर्टिफिकेट परीक्षा होती. तिथे गुण असे खाली-वर केले जात की काही मुले नापास होणारच, आणि माओरी भाषा घेणाऱ्यांत उत्तीर्णांचे प्रमाण लॅटिन-फ्रेंच घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी राही. २००२ पासून तिथे वेगळी पद्धत आणली. दुसऱ्याच्या तुलनेत किती, हे न पाहता मुलाला नेमके काय येते याचे निकष ठरवले आणि प्रत्येक निकषाचे वेगळे श्रेय दिले. तीही निर्दोष ठरली नाही. गरीब शाळांतली मुले सोप्या श्रेयांकडे वळवली गेली अशी टीका झाली, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती बदलण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे कुठेही जा, निकष मुलावर लावले आणि शाळेवर लावले नाहीत की शेवटी माओरी पोरगाच खाली राहतो.

आणि परदेशात तरी कशाला जायचे? १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, स्पष्ट शिफारस केली होती. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयातली कामगिरी लिहावी, संपूर्ण परीक्षेत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा मारूच नये, आणि ज्याला एखाद्या विषयात सुधारणा करायची असेल त्याला पुन्हा बसू द्यावे. साठ वर्षे होत आली! १९७५ ला जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली तेव्हा ही शिफारस अमलात आणता आली असती. आली नाही. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना "नापास" शब्द काढून "कौशल्य विकासास पात्र" असा शब्द गुणपत्रिकेवर आला. शब्द गोड, पण त्याचा अर्थ गावात सगळ्यांना पहिल्या दिवशीच कळला.

मग करायचे काय? माझ्या मते गुणपत्रिकेचे दोन भाग हवेत. एका भागात मुलाला काय येते ते. दुसऱ्या भागात शाळेने काय दिले ते. दहावीच्या वर्षात गणिताचे आणि विज्ञानाचे किती तास झाले, शिक्षक त्या विषयाचा होता का, किती दिवस जागा रिकामी होती, प्रयोगशाळेत किती प्रयोग झाले. मुख्याध्यापकाच्या सहीने. मुलाचे २० गुण शाळेच्या हातात आहेत, ते कशाच्या आधारावर दिले याचा पुरावा कुणी विचारत नाही. न झालेल्या प्रयोगांचे पूर्ण गुण देण्याची दयाबुद्धी ही खरी फसवणूक आहे. आजही अंतर्गत १८ गुण मिळालेल्या मुलाला लेखी ८० पैकी १७ मिळाले की तो पास होतो. तो पास झाला याचा मला आनंद आहे. पण त्याला काय येते हे शाळेलाही ठाऊक नाही आणि बोर्डालाही नाही, म्हणून अकरावीत तो पहिल्या तिमाहीत गळतो. असर या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचू शकला नाही आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे ४३ टक्क्यांनाच जमले. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना हिशेब मांडला होता की शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. तेव्हा मुले शाळेबाहेर गळत. आता शाळेतच बसून गळतात, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी कळते.

दुसरे, परीक्षेची वेळ. २०२५ ला दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली. तेव्हा कारखाने चालू असतात. बीडकडून आलेल्या टोळ्या आमच्या शिवारात असतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गावी आजीपाशी राहिला तर परीक्षा देतो, नाही तर फडात मोळ्या बांधतो. साखरशाळा निघाल्या त्याही लहान मुलांपुरत्या. जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे, पण ती पडलेल्यांची परीक्षा म्हणून. सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायचे ठरवले. ऊसतोड्याच्या मुलाला अशी दुसरी संधी जास्त गरजेची आहे, आणि ती पहिल्या दर्जाची संधी म्हणून हवी, पुरवणी म्हणून नको.

तिसरे, शेरा आराखड्यातून काढावा. वीसला पुढे सोडायचे तर सोडा, गुणपत्रिकेवर २२ हा आकडा असतोच. तो वाचून कुणाला प्रवेश द्यायचा ते आयटीआयने, कॉलेजने आपल्या नियमाने ठरवावे, आणि मुलाला जेव्हा पाहिजे तेव्हा तो विषय पुन्हा देऊन आकडा बदलता यावा. पंचविसाव्या वर्षीसुद्धा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारी बाई किंवा हमाल हा त्याच पैशाचा मालक आहे.

न्यायालयाचा रस्ता काय, असे तरुण विचारतात. सांगतो. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाही, असे आपल्याच बोर्डाच्या परितोष शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटले होते. आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्ये त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली उत्तरपत्रिका पाहता येते, असे ठरवले. सत्तावीस वर्षांत दार उघडले, पण ते कायदे मंडळाने २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा केला म्हणून. तेव्हा शेऱ्याविरुद्ध कलम १४ खाली याचिका करता येईल, पण ती करताना हातात कागद लागतील. कोणत्या शाळेत शिक्षक नव्हता, किती दिवस नव्हता, त्या शाळेत कोणत्या समाजाची मुले आहेत. हे कागद आज कुणाकडेही एकत्र नाहीत.

ते गोळा करायचे काम आपले आहे. अनुदानित शाळेला माहिती अधिकाराचा अर्ज लागू होतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. अर्जात चारच गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत दहावीच्या गणिताला आणि विज्ञानाला कोण शिक्षक होते व त्यांची पात्रता काय. ती पदे किती दिवस रिकामी होती. प्रयोगवहीप्रमाणे दर वर्षी किती प्रयोग झाले. आणि या दोन विषयांत दर वर्षी किती विद्यार्थी ३५ च्या खाली राहिले. सांगवी, माळेगाव, पणदरे या पट्ट्यातून असे अर्ज टाकायला आम्ही सुरुवात करीत आहोत. इंदापूर आणि फलटणच्या कार्यकर्त्यांनीही टाकावेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे, त्याला फार कायदा लागत नाही, मसुदा आमच्याकडे तयार आहे.